‘नव्वद टक्के वाया’ हे वाक्य आता बदला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विज्ञान पुरवण्यांत, शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जाते: ‘प्रत्येक पोषण पातळीवरून दहा टक्के ऊर्जा पुढे जाते आणि उरलेली नव्वद टक्के उष्णतेच्या रूपाने वाया जाते.’ शेजारी पोषण पातळ्या, म्हणजे अन्नसाखळीच्या पायऱ्या, दाखवणारी गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार अशी ओळ असते आणि एका कोपऱ्यात शोभेला ठेवल्यासारखी दोन भूछत्रे. या वाक्याचा पहिला अर्धा सैल आहे. दुसरा अर्धा सरळ चुकीचा आहे आणि पत्राचा मुख्य रोख त्यावरच आहे, कारण त्या एका चुकीमुळे परिसंस्थेचा निम्म्याहून मोठा भाग चित्रातून पुसला जातो.

शंभरातले नव्वद जातात कुठे? गळती एका जागी होत नाही, तीन जागी होते आणि तिन्हींचा प्रकार वेगळा असतो.

पहिली गळती तोंडाशी पोचण्याआधीच होते. वनस्पतींनी तयार केलेले बरेचसे अन्न जिवंत असताना कोणी खातच नाही. जंगलात शाकाहारी प्राणी वर्षभराच्या वाढीपैकी साधारण ५ टक्के खातात, गवताळ प्रदेशात २५ टक्क्यांच्या आसपास आणि उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपैकी, म्हणजे वनस्पतिप्लवकांपैकी, ५० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचा क्रम पक्का आहे आणि त्यामागचे कारणही साधे आहे. झाड आपली कमाई लाकडात, सालीत आणि मुळांत गुंतवते. लिग्निन आणि सेल्युलोज हे त्यातले चिवट घटक पचवण्याची सोय फार थोड्या प्राण्यांकडे आहे आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचेही काम बहुतेक पोटातले सूक्ष्मजीव करतात. प्लवकाला ना खोड असते ना मूळ. ती एकपेशीय वनस्पती अख्खीच गिळता येते.

दुसरी गळती पोटात होते. खाल्लेले सगळे अंगी लागत नाही. पाने खाणाऱ्यांच्या बाबतीत खाल्ल्यापैकी २० ते ५० टक्के शोषले जाते, बिया खाणाऱ्यांत ६० ते ७० आणि मांसाहारींत सुमारे ८०. उरलेले विष्ठेवाटे बाहेर पडते.

तिसरी गळती श्वसनाची. शोषलेल्या अन्नातले काही शरीर बांधायला जाते आणि काही हालचाल, दुरुस्ती, शरीर उबदार ठेवणे यासाठी जाळले जाते. उष्णता होऊन जागच्या जागी निघून जाते ती एवढीच. इथे प्राण्याप्राण्यांतला फरक प्रचंड आहे. सस्तन प्राणी आणि पक्षी शोषलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १ ते ३ टक्क्यांचे मांस करतात, कारण शरीराचे तापमान टिकवण्याचा खर्च रात्रंदिवस चालू असतो. मासे १० टक्क्यांच्या आसपास असतात. एकेकटे राहणारे कीटक ४० टक्क्यांपर्यंत मजल मारतात.

आता या तिन्हींचा गुणाकार करून पाहावा. जंगलातल्या पानखाऊ अळ्यांसाठी ५ टक्के गुणिले ४० टक्के गुणिले ४० टक्के, उत्तर ०.८ टक्के. गवताळ प्रदेशातल्या एखाद्या मोठ्या सस्तन प्राण्यासाठी २५ गुणिले ५० गुणिले २, उत्तर पाव टक्का. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांसाठी, म्हणजे प्राणिप्लवकांसाठी, ५० गुणिले ६० गुणिले ३० असे धरले तर ९ टक्के. दहाच्या जवळ आले ते फक्त पाणी! यात नवल नाही, कारण दहाचा आकडा प्रामुख्याने पाण्यातल्या परिसंस्थांच्या अभ्यासातूनच आला आहे. १९९५ साली जलपरिसंस्थांची ४८ गणिती प्रारूपे एकत्र तपासली गेली तेव्हा सरासरी १०.१ टक्के निघाली, मात्र सुटे आकडे २ पासून २४ पर्यंत विखुरलेले होते. आपल्या तक्त्यात हा पाण्याचा आकडा गवतावर, नाकतोड्यावर आणि सापावर चिकटवलेला असतो.

त्याला ‘लिंडेमनचा दहा टक्के नियम’ म्हणण्याची पद्धतही तपासायला हवी. परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्याचा ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांचा तो गाजलेला लेख १९४२ च्या ऑक्टोबरात छापून आला, त्याआधीच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, अवघे सव्वीस वर्षांचे असताना ते वारले होते. त्या लेखातल्या तक्त्यात सीडर बॉगच्या प्राथमिक भक्षकांपुढे १३.३ टक्के आणि द्वितीय भक्षकांपुढे २२.३ टक्के असे आकडे आहेत. ज्यांच्या नावाने आपण दहाचा नियम पाठ करतो त्यांच्या स्वतःच्या तळ्यात दहा कुठेच नाही.

एकाच जागेचा पूर्ण हिशेब पाहायचा असेल तर फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा घ्यावा. परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी तो १९५७ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजही शिकवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल, कारण तिथे जमाखर्च अगदी जुळतो. सगळे आकडे दर चौरस मीटरला, दर वर्षाला, किलोकॅलरीत आहेत. पडणारा सूर्यप्रकाश १७,००,०००. वनस्पतींनी शोषलेला ४,१०,०००. त्यातून त्यांनी तयार केलेले एकूण अन्न २०,८१०, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाच्या सुमारे ५ टक्के आणि पडलेल्या प्रकाशाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. त्यातले ११,९७७ वनस्पतींनी स्वतःच श्वसनात खर्च केले. कोणी एक घास घेण्याआधीच निम्म्याहून जास्त कमाई संपली, ती वनस्पतींच्याच घरखर्चात. उरले ८,८३३.

पुढे शाकाहारींकडे गेले ३,३६८, मांसाहारींकडे ३८३ आणि सर्वांत वरच्या मांसाहारींकडे २१. टक्केवारी काढली तर १६, मग ११, मग साडेपाच. एकाच झऱ्यात तीन पायऱ्यांवर तीन वेगळे आकडे. शिवाय शाकाहारींच्या ३,३६८ ला २०,८१० ने न भागता उरलेल्या ८,८३३ ने भागले तर १६ चे ३८ होतात. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. म्हणून कशाला कशाने भागले हे न सांगता छापलेली टक्केवारी वाचकाच्या काही कामाची नाही.

खर्चाची बाजू तर अधिक बोलकी आहे. श्वसनात वनस्पतींचे ११,९७७, शाकाहारींचे १,८९०, मांसाहारींचे ३१६, वरच्या मांसाहारींचे १३ आणि विघटकांचे, म्हणजे मेलेले व टाकलेले कुजवणाऱ्या जीवाणू-बुरशींचे, ४,६००. प्रवाहाबरोबर वाहून गेलेले २,५००. बेरीज २१,२९६. जमेला वनस्पतींचे २०,८१० आणि बाहेरून आत आलेले सेंद्रिय पदार्थ ४८६. त्यांचीही बेरीज २१,२९६. आता विघटकांचा आकडा पुन्हा पाहावा. शाकाहारी, मांसाहारी आणि त्यांच्याही वरचे, सगळे प्राणी मिळून २,२१९ खर्च करतात. जीवाणू आणि बुरशी एकटे ४,६००, दुपटीहून अधिक. तक्त्याच्या कोपऱ्यातली ती दोन भूछत्रे खरे तर चित्रातल्या घारीपेक्षा कितीतरी मोठी काढायला हवीत.

आणि हा झरा आहे, जिथे बऱ्यापैकी खाल्ले जाते. जंगलात वर्षाच्या वाढीतला ९० टक्क्यांहून अधिक भाग पाला, काटक्या, मेलेली मुळे होऊन जमिनीवर आणि जमिनीत जातो. तिथून दुसरी साखळी सुरू होते: बुरशी आणि जीवाणू, त्यांना खाणारे सूत्रकृमी, बारीक कोळीवर्गीय माइट, उड्या मारणारे स्प्रिंगटेल, पाचोळा कुरतडणारे पैसे (वाणी) किडे आणि गांडुळे, त्यांच्यावर जगणारे गोम, कोळी, बेडूक, पक्षी. गांडूळ टिपणारा पक्षी अळीही टिपतो, त्यामुळे दोन्ही साखळ्या वरच्या टोकाला एकमेकींत गुंततात. विघटकांना ‘शेवटची पोषण पातळी’ म्हणून घारीच्याही वर चढवणारी चित्रे असतात, त्यांचा अर्थ काय लावायचा ते समजत नाही. विघटकांना माल सगळ्या पायऱ्यांवरून मिळतो आणि सर्वांत जास्त तर पहिल्या पायरीवरूनच.

‘शेवटी सगळ्याची उष्णताच होते ना, मग भांडण कशाचे?’ असा आक्षेप येऊ शकतो. होते, बहुतेक सगळ्याची होते, पण किती हातांतून जाऊन होते यावरच तर जमिनीतले सगळे जीवन उभे आहे. विष्ठा आणि पाचोळ्यातली ऊर्जा तत्काळ उष्णता होऊन उडाली असती तर गांडुळाने काय खाल्ले असते? आणि सगळ्याची होतही नाही. दलदलीत प्राणवायू पोचत नाही तिथे विघटन अडते आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठत जाते. कोळसा म्हणजे विघटकांना वेळेत खाता न आलेले अन्न.

हा हिशेब वर्गात करून दाखवता येतो आणि करावाच. त्यासाठी मोठी पानखाऊ अळी आणि १ मिलिग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा लागतो. अळ्या शेवटच्या अवस्थेतल्या घ्याव्यात, लहान अळ्यांचे वजन काट्याच्या चुकीतच हरवते. किमान दहा अळ्या आणि प्रत्येकीला वेगळी डबी. पान मधल्या शिरेवर उभे कापावे. दोन्ही अर्ध्यांचे ओले वजन घ्यावे, एक अर्धा अळीला द्यावा आणि दुसरा लगेच वाळवून ओल्या वजनात सुके किती निघते ते पाहावे. त्यावरून अळीला दिलेल्या अर्ध्याचे सुके वजन काढता येते. चोवीस तासांनी उरलेले पान आणि लेंड्या वेगवेगळ्या गोळा करून ६० ते ७० अंश सेल्सियसला, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत, वाळवाव्यात. अळीचे सुरुवातीचे सुके वजन थेट मोजता येत नाही, कारण त्यासाठी ती मारावी लागेल. त्याच वयाच्या तीन-चार वेगळ्या अळ्यांवरून ओल्या-सुक्याचे प्रमाण ठरवावे लागते.

समजा १,००० मिलिग्रॅम सुके पान खाल्ले, लेंड्या ६०० निघाल्या आणि अळीचे सुके वजन १६० ने वाढले. शोषलेले ४००, त्यातले वाढीला १६०, म्हणून श्वसनात गेलेले २४०. शंभराच्या भाषेत १६ अंगी लागले, २४ ची उष्णता झाली आणि ६० डबीच्या तळाशी पडून आहेत. त्यांवर दोन दिवसांत बुरशी धरते तेव्हा ते ‘वाया’ गेले की नाही हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. वजनाऐवजी ऊर्जेत मोजले तर आकडा थोडा बदलतो. सुक्या पानात दर ग्रॅमला ४ ते साडेचार किलोकॅलरी असतात, अळीच्या शरीरात चरबीमुळे ५ ते साडेपाच. त्यामुळे वजनातले १६ टक्के ऊर्जेत २० च्या आसपास जातात.

चुका कुठे होतात तेही ठाऊक हवे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ओल्या वजनांची वजाबाकी. डबीत पान सुकते आणि जे पाणी उडाले ते अळीने खाल्ले असे कागदावर दिसते. लेंड्या उशिरा गोळा केल्या तर बुरशी त्यांतले खाऊन टाकते, लेंड्यांचे वजन घटते आणि पचन खऱ्यापेक्षा चांगले वाटते. कात टाकण्याच्या आधी अळी खाणे थांबवते, अशा दिवसाचे आकडे इतरांत मिसळले की वाढ कमी किंवा चक्क ऋण निघते. शिवाय कीटकांच्या लेंड्यांत युरिक आम्लही मिसळलेले असते. ते न पचलेले अन्न नसून शरीराने पचवून बाहेर टाकलेला भाग आहे. म्हणून अशा प्रयोगातल्या पचनाच्या आकड्याला जाणकार ‘अंदाजे पचनीयता’ म्हणतात.

चित्रातल्या आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. बाण खाणाऱ्याकडून खाद्याकडे नव्हे, खाद्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ‘कोण कोणाला खातो’ हे नव्हे तर ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. विघटकांपासून वनस्पतीकडे परत जाणाऱ्या बाणावर ‘ऊर्जा’ लिहू नये. नायट्रोजन आणि फॉस्फरस परत जातात, ऊर्जा जात नाही. एकाच रंगाच्या बाणांनी दोन्ही दाखवले की मुलांच्या डोक्यात ‘ऊर्जेचे चक्र’ पक्के बसते आणि ते पुढे पदवीपर्यंत निघत नाही.

प्रत्येक पायरीवर किती आहे ते एकावर एक थरांनी दाखवणाऱ्या मनोऱ्यांचेही तसेच. संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो, एका झाडावर हजारो अळ्या असतात. वजनाचाही होऊ शकतो. सगळ्या समुद्रांत मिळून उत्पादकांच्या, म्हणजे स्वतः अन्न तयार करणाऱ्यांच्या, शरीरात एका वेळी सुमारे १ अब्ज टन कार्बन असतो आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या शरीरात सुमारे ५ अब्ज टन. जमिनीवरच्या वनस्पतींत तर ४५० अब्ज टनांच्या आसपास आहे. तरीही वर्षाचे निव्वळ उत्पादन पाहिले तर जमीन ५६ अब्ज टन कार्बन आणि समुद्र ४८ अब्ज टन, जवळजवळ बरोबरीत. प्लवक काही दिवसांत दुपटीने वाढते आणि तितक्याच वेगाने खाल्ले जाते. गल्ल्यात रक्कम थोडी, उलाढाल मोठी. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही, अट एवढीच की त्याखाली ‘दर चौरस मीटर, दर वर्ष’ लिहिलेले असावे. काळ वगळून काढलेला ऊर्जेचा मनोरा हा नुसता साठ्याचा मनोरा असतो.

याच गळतीच्या हिशेबातून विषाचा हिशेब कळतो, आणि तो कळावा म्हणून तरी वाक्य दुरुस्त व्हायला हवे. श्वसनात कार्बन जळतो. चरबीत विरघळणारे आणि सहजी न मोडणारे विष जळत नाही आणि लघवीवाटे निघतही नाही. शंभर भाग अन्न खाऊन दहा भाग शरीर बनले तर शंभरातले बरेचसे विष त्या दहात उतरते. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटांच्या बंदोबस्तासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीडी हे कीटकनाशक टाकले गेले. पाण्यातले प्रमाण दशलक्षात ०.०२ भाग इतके क्षुल्लक होते. तिथे मेलेल्या ग्रीब या पाणपक्ष्यांच्या चरबीत ते दशलक्षात १,६०० भाग सापडले, ८०,००० पट. इथे एक खोच आहे. पाण्यातून प्लवकात झालेली पहिली उडी खाण्यातून नसते, विष पेशींत थेट शोषले जाते. शिवाय पक्ष्याचा आकडा चरबीतला आहे, अख्ख्या शरीरातला नाही. सगळ्या ८०,००० पटीचे श्रेय अन्नसाखळीला देणे चूक आहे, पण वरच्या पायऱ्यांवरची वाढ तिच्यामुळेच होते.

साखळी चार-पाच कड्यांवर का थांबते याचे उत्तरही नेहमी ‘ऊर्जा संपते’ एवढ्यावर उरकले जाते. ऊर्जा हे एक कारण आहे, एकमेव नाही. २००० साली उत्तर अमेरिकेतल्या २५ सरोवरांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात साखळीची लांबी उत्पादकतेशी नव्हे, सरोवराच्या आकारमानाशी वाढताना दिसली. ‘सगळ्या साखळ्या सूर्यापासून सुरू होतात’ हेही १९७७ मध्ये गालापागोसजवळच्या समुद्रतळावर उष्ण झरे सापडल्यापासून तसेच्या तसे लिहिता येत नाही. तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात आणि तोंड व आतडे नसलेले मोठे नळीकृमी त्यांना शरीरात बाळगून जगतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू मात्र वर, उजेडात, प्रकाशसंश्लेषणातूनच तयार झालेला असतो, त्यामुळे सूर्याशी त्यांचे नाते पुरते तुटलेले नाही.

आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा चित्राखाली इतके छापले तरी पुरे: ‘एका पायरीवरचा थोडासाच भाग पुढच्या पायरीच्या शरीरात जातो. हा भाग १ टक्क्याहून कमीपासून २० टक्क्यांहून अधिक असू शकतो. उरलेल्यापैकी काही श्वसनात उष्णता होऊन जातो आणि न खाल्लेला व न पचलेला भाग विघटकांचे अन्न होतो.’ जागा कमी पडली तर घार थोडी लहान करावी.

कळावे,
आपला,
परिसंस्थाशास्त्राचा एक अध्यापक